हाताचे फ्रॅक्चर कोणत्या सर्जनकडे न्यावे? डॉ. स्टर्लिंग बनेल यांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

मनगटाचे किंवा बोटाचे हाड मोडले आणि ऑपरेशन करावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, की घरात एक चर्चा हमखास सुरू होते. एकजण म्हणतो, हाड मोडले आहे, मग हाडांच्या डॉक्टरकडेच जायला हवे. दुसरा म्हणतो, हाताचे काम नाजूक असते, प्लास्टिक सर्जनला दाखवा. हॅन्ड सर्जन असा वेगळाच डॉक्टर असतो, हे शेजारचे कुणीतरी सांगून जाते. हातात एक्स-रे, डोक्यात गोंधळ आणि ठरवायला मोजकेच दिवस, अशी तुमची अवस्था होते.

असा गोंधळ होणे साहजिक आहे. हाताची शस्त्रक्रिया नेमकी कुणी करायची, हा प्रश्न एके काळी खुद्द डॉक्टरांनाही पडला होता. त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्याची बरीच वर्षे घातली ते म्हणजे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. स्टर्लिंग बनेल. आधुनिक हॅन्ड सर्जरीचे जनक म्हणून त्यांना जगभर ओळखले जाते. त्यांनी काय केले हे समजून घेतले, तर आपला सर्जन निवडताना काय पाहायचे हे ठरवणे तुम्हाला सोपे जाईल.

हातात असते तरी काय?

बनेल यांच्याकडे वळण्याआधी आपल्या हाताकडे एकदा नीट पाहा. एका हातात 27 हाडे असतात: मनगटाची 8 लहान हाडे, तळव्याची 5 आणि बोटांची 14. बोटे मिटवणारे ताकदीचे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराच्या खाली हातात असतात. तिथून निघालेल्या पांढऱ्या, चिवट दोऱ्या मनगटातून पुढे बोटांच्या टोकांपर्यंत जातात. या दोऱ्यांना टेंडन म्हणतात. हाताची मूठ वळताना त्या काही सेंटिमीटर मागेपुढे सरकतात. त्यांच्या शेजारून संवेदना देणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात, आणि या सगळ्यावर फक्त त्वचेचे पातळ आवरण असते.

म्हणूनच मांडीचे हाड मोडणे आणि बोटाचे हाड मोडणे यांत फरक आहे. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंची जाड गादी असते. बोटाच्या हाडावर मात्र टेंडन अगदी चिकटून बसलेले असते. हाड जुळताना ते टेंडन हाडाला धरून बसले, तर एक्स-रे उत्तम दिसतो, पण बोट वाकत नाही. हाड जुळले आणि हात मात्र कामाचा राहिला नाही, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण आजही असतात. बनेल यांच्या तरुणपणी तर असे रुग्ण जागोजागी दिसत.

सगळी कामे करणारा सर्जन

स्टर्लिंग बनेल यांचा जन्म 17 जून 1882 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातून 1908 मध्ये ते डॉक्टर झाले आणि आपल्याच शहरात त्यांनी व्यवसाय सुरू केला. त्या काळात आजच्यासारख्या शाखा नव्हत्या. जनरल सर्जन पोट उघडायचा, हाड बसवायचा आणि जखमही शिवायचा. बनेलही असेच सगळी कामे करणारे सर्जन होते.

पण जे काम हाती येईल त्याच्या मुळाशी जायची त्यांना सवय होती. छाती उघडली की फुप्फुस आकसते, ही त्या काळातली मोठी अडचण होती. भूल देताना दाबाने वायू पुरवून फुप्फुस फुगलेले कसे ठेवता येईल, यावर त्यांनी 1912 मध्ये लिहिले. पुढे 1927 मध्ये कानामागच्या हाडाच्या आत तुटलेली चेहऱ्याची नस शिवून जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी प्रसिद्ध केली. नस जोडण्याचा हा हातखंडा त्यांना नंतर हाताच्या कामी आला.

पहिल्या महायुद्धात ते लष्करी सर्जन म्हणून फ्रान्सला गेले. बोटांची तुटलेली टेंडन कशी जोडावीत यावरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर हात हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय बनला.

टाके घातले, तरी बोट का वाकत नाही?

त्या काळी बोट कापले गेले तर टेंडनची दोन टोके जाड दोऱ्याने बांधून टाकत आणि हात बरेच आठवडे फळीवर सरळ बांधून ठेवत. टेंडन जुळायचे, पण आजूबाजूच्या प्रत्येक गोष्टीला चिकटून. बोट कायमचे ताठ व्हायचे.

बनेल यांनी यामागचे कारण शोधले. चिमट्याने धरलेली, कोरडी पडू दिलेली, ओढाताण झालेली प्रत्येक पेशी पुढे जखमेचा व्रण तयार करते आणि त्या व्रणातच टेंडन अडकते. मग उपाय काय? दंडावर दाबाचा पट्टा बांधून शस्त्रक्रियेच्या वेळी हातातले रक्त थांबवायचे, म्हणजे प्रत्येक बारीक भाग स्वच्छ दिसतो. बारीक हत्यारे वापरायची. छेद बोटाच्या घडीला आडवा ओलांडून जाणार नाही अशा बेताने घ्यायचा, म्हणजे व्रण आकसून बोट ओढले जात नाही. पेशींना शक्य तितका कमी धक्का लावायचा. टेंडन जोडण्यासाठी त्यांनी टाक्याची खास पद्धत बसवली आणि काम झाल्यावर बाहेरून ओढून काढता येईल अशी तार वापरली. आज तुमच्या हाताचे ऑपरेशन होते तेव्हा दंडावर जो पट्टा फुगवतात आणि सर्जन डोळ्यांवर जी भिंगे लावतो, त्यामागे हाच विचार आहे.

तळव्याच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या सांध्याच्या पुढपर्यंत दोन टेंडन एका अरुंद नळीतून जातात. या भागाला बनेल यांनी नो मॅन्स लँड, म्हणजे कुणीच पाऊल ठेवू नये अशी जागा, असे नाव दिले. तिथे टेंडन तुटले तर घाईने शिवू नका, आधी फक्त त्वचा शिवा आणि नंतर शरीरातल्या दुसऱ्या जागेचे टेंडन आणून बसवा, असा त्यांचा सल्ला होता. त्या वेळच्या साधनांचा विचार केला तर तो शहाणपणाचा होता. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेतील डॉ. हॅरोल्ड क्लायनर्ट आणि इतर सर्जनांनी दाखवून दिले, की कुशल हातांनी लगेच शिवले आणि लवकर हालचाल सुरू केली तर याही भागात चांगले यश मिळते. आज हीच पद्धत रूढ आहे. बनेल यांचा सल्ला बदलला, पण त्यांनी मांडलेला मूळ मुद्दा टिकून राहिला: या भागात हात घालणाऱ्याला त्याचे खास शिक्षण हवे.

एका हातासाठी तीन डॉक्टर?

जखमी हात बनेल यांच्याकडे येई तेव्हा त्यात एकाच वेळी मोडलेले हाड, तुटलेले टेंडन, कापलेली नस आणि फाटलेली त्वचा असे. रुग्णालयांत यांची वाटणी होत असे. हाड एकाने बसवायचे, त्वचा दुसऱ्याने लावायची आणि नस तिसऱ्याने पाहायची. प्रत्येकाचे काम आपापल्या जागी बरोबर असे, पण एकाचे काम दुसऱ्याच्या आड येई. हाडासाठी हात महिनाभर बांधून ठेवला, तर टेंडन चिकटते. त्वचेचा विचार न करता छेद घेतला, तर पुढच्या शस्त्रक्रियेची वाट बंद होते.

बनेल यांचे म्हणणे साधे होते. हे सारे भाग एका हातात एकत्र काम करतात, त्यामुळे त्यांची दुरुस्तीही एका माणसाच्या डोक्यातून एकत्र व्हायला हवी. हाताचा सर्जन मूळचा ऑर्थोपेडिक असो, प्लास्टिक असो की जनरल, त्याला हाताच्या कामापुरती या तिन्ही शाखांची आणि नसांच्या शस्त्रक्रियेची विद्या यायला हवी.

1944 मध्ये त्यांनी हाताच्या शस्त्रक्रियेवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात प्राण्यांच्या उत्क्रांतीपासून होते, कारण हात कसा बिघडतो हे कळण्याआधी तो कसा घडला हे कळायला हवे, असे त्यांना वाटे. ग्रंथ निघाला तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते आणि हातांना जखमा झालेले सैनिक मोठ्या संख्येने अमेरिकेत परतत होते.

महायुद्ध आणि हॅन्ड सेंटर

अमेरिकी लष्कराचे त्या वेळचे सर्जन जनरल डॉ. नॉर्मन कर्क हे स्वतः ऑर्थोपेडिक सर्जन होते. हातांच्या जखमांचे हाल त्यांना दिसत होते. 1944 च्या अखेरीस त्यांनी बनेल यांना हाताच्या शस्त्रक्रियेसाठी लष्कराचे नागरी सल्लागार नेमले. तेव्हा बनेल 62 वर्षांचे होते.

लष्करी रुग्णालयांत फिरताना त्यांना एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसले: मनगट खाली झुकलेले, बोटे ताठ बांधलेली आणि सांधे आखडलेले. बोटाच्या मुळाशी असलेला सांधा बराच काळ सरळ ठेवला, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे बंध आकसतात आणि नंतर तो वाकत नाही. म्हणजे गोळीने जेवढे नुकसान केले त्यात चुकीच्या पद्धतीने बांधलेल्या फळीने भर घातली होती.

बनेल यांनी रुग्णालयांना सांगितले, की हात बांधायचाच असेल तर पेला धरल्यासारखा बांधा: मनगट किंचित वर, बोटे थोडी वाकलेली आणि अंगठा बोटांसमोर. ज्या बोटाला इजा नाही ते मोकळे ठेवा आणि हलवत राहा. बोटांच्या नेमक्या कोनांविषयीची मते नंतर सुधारली गेली, पण हात बांधताना पुढच्या हालचालीचा विचार करायचा हा नियम आजही पाळला जातो.

त्याचबरोबर काही निवडक लष्करी रुग्णालयांत हाताच्या जखमांसाठी स्वतंत्र केंद्रे सुरू झाली. तिथे ऑर्थोपेडिक, प्लास्टिक आणि नसांच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेले तरुण सर्जन एकत्र काम करू लागले. बनेल एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जात, रुग्ण तपासत, शस्त्रक्रिया करून दाखवत आणि शिकवत. एकाच प्रकारचे रुग्ण एकाच जागी आल्यामुळे या सर्जनांचा हात बसला आणि काय जमते, काय बिघडते हेही त्यांना कळू लागले.

युद्ध संपल्यावर हे सर्जन आपापल्या गावी परतणार होते. ही विद्या विखुरली जाऊ नये म्हणून जानेवारी 1946 मध्ये शिकागो येथे अमेरिकन सोसायटी फॉर सर्जरी ऑफ द हॅन्ड ही संस्था स्थापन झाली. तिचे 35 संस्थापक सदस्य होते आणि पहिले अध्यक्ष बनेल होते. या संस्थेत ऑर्थोपेडिक, प्लास्टिक आणि जनरल असे तिन्ही शाखांचे सर्जन होते. मूळ पदवी कोणती यापेक्षा हाताचे काम किती येते, याला तिथे महत्त्व होते.

बनेल शेवटपर्यंत काम करत राहिले. त्यांच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती 1956 मध्ये निघाली आणि 20 ऑगस्ट 1957 रोजी त्यांचे निधन झाले. हॅन्ड सर्जरीचे वेगळे प्रमाणपत्र देणारी परीक्षा अमेरिकेत 1989 मध्ये सुरू झाली. ऑर्थोपेडिक, प्लास्टिक आणि जनरल सर्जरी अशा तिन्ही शाखांच्या सर्जनांना ती देता येते. बनेल यांच्या विचाराला मिळालेली ही औपचारिक मान्यताच म्हणावी लागेल.

ही विद्या भारतात

तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. ब्रिटिश सर्जन हॅरोल्ड स्टाइल्स यांची एक टेंडन हलवण्याची पद्धत बनेल यांनी पुढे नेली होती. ब्रँड यांनी सुरुवातीला तीच वापरली आणि नंतर आपल्या रुग्णांचा अनुभव पाहून त्यात बदल केले. मुंबईचे हॅन्ड सर्जन डॉ. बी. बी. जोशी यांनी बाहेरून बारीक सळ्या लावून हाड स्थिर ठेवण्याची जेस नावाची पद्धत तयार केली. हातावर बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावलेला रुग्ण तुम्ही पाहिला असेल, तर ती बहुधा हीच पद्धत असते.

आपल्याकडेही हॅन्ड सर्जन दोन्ही वाटांनी तयार होतात. काहीजण आधी ऑर्थोपेडिक असतात, काही प्लास्टिक सर्जन. त्यानंतर ते हाताच्या शस्त्रक्रियेचे वेगळे प्रशिक्षण घेतात.

मग ऑर्थोपेडिक की प्लास्टिक?

हात आणि मनगटाच्या फ्रॅक्चरच्या ऑपरेशनांची दोन्ही शाखांच्या सर्जनांमध्ये तुलना झाली आहे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या मोठ्या नोंदींवरून पाहिले, तर पहिल्या महिन्यातल्या गुंतागुंतींचे प्रमाण, जसे की जंतुसंसर्ग किंवा पुन्हा ऑपरेशन करावे लागणे, दोन्हींकडे साधारण सारखेच दिसते. म्हणजे केवळ पदवी पाहून एकाला चांगले आणि दुसऱ्याला वाईट ठरवण्याचे कारण नाही.

मात्र या नोंदींची एक मर्यादा लक्षात ठेवा. महिन्याभराच्या नोंदीत ताप, पू आणि पुन्हा दाखल होणे कळते. सहा महिन्यांनी तुमची मूठ वळते का, तुम्ही कणीक मळू शकता का, स्कूटरचा ब्रेक दाबू शकता का, हे त्यात कळत नाही. बनेल यांनी आयुष्यभर मोजला तो निकाल हाच होता.

साध्या फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे हाड फारसे हललेले नसेल आणि जखम नसेल तर, तुमच्या जवळचा अनुभवी ऑर्थोपेडिक सर्जन पुरेसा असतो. पुष्कळदा ऑपरेशनचीही गरज नसते. पुढील परिस्थितीत मात्र हाताच्या शस्त्रक्रियेचा विशेष अनुभव असलेल्या सर्जनला लवकर दाखवा, मग तो मूळचा कोणत्याही शाखेचा असो:

• फ्रॅक्चरसोबत उघडी जखम आहे, किंवा हात यंत्रात सापडला आहे.
• एखादे बोट वाकवता किंवा सरळ करता येत नाही.
• बोटे बधिर आहेत किंवा त्यांना सतत मुंग्या येतात. मनगट मोडल्यावर तळव्यात जाणारी मुख्य नस दाबली जाऊ शकते.
• मूठ वळताना एक बोट शेजारच्या बोटावर चढते. याचा अर्थ हाड फिरलेले आहे.
• फ्रॅक्चर सांध्याच्या आत गेले आहे, किंवा मनगटाच्या लहान हाडांपैकी एखादे मोडले आहे.

बोटे निळी किंवा पांढरी पडली, प्लास्टरमध्ये दुखणे वाढतच गेले, किंवा बोट तुटले, तर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

सर्जनला काय विचाराल?

प्रश्न विचारण्यात संकोच करू नका. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही.

1. हात आणि मनगटाची अशी ऑपरेशने तुम्ही नेहमी करता का?
2. ऑपरेशन केले नाही तर काय होईल?
3. तार, प्लेट की बाहेरून सळ्या, यांपैकी काय वापरणार आणि का? मनगटात प्लेट किंवा स्क्रू टेंडनला घासू शकतो. त्याची काळजी कशी घेतली जाईल?
4. टेंडन किंवा नसेलाही इजा असेल, तर ती तुम्हीच दुरुस्त कराल की दुसरे डॉक्टर सोबत असतील?
5. बोटांची हालचाल कोणत्या दिवशी सुरू करायची आणि हाताची फिजिओथेरपी कोण देणार?

या पाच प्रश्नांत शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे. हालचालीची योजना ऑपरेशनच्या आधीच ज्या सर्जनच्या मनात तयार असते, तो हाताचा विचार करणारा सर्जन आहे असे समजायला हरकत नाही. उत्तर फक्त हाड जुळेल एवढेच मिळाले, तर दुसरे मत जरूर घ्या.

ऑपरेशननंतरचा मोठा वाटा तुमचा स्वतःचा असतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवा, म्हणजे सूज उतरते. जी बोटे मोकळी ठेवली आहेत ती सांगितल्याप्रमाणे दिवसातून अनेकदा हलवा. दुखते म्हणून व्यायाम बंद करू नका, आणि लवकर बरे व्हावे म्हणून कुणाकडून मालिश किंवा जोर लावून बोटे ओढूनही घेऊ नका. अडचण वाटली तर आपल्या सर्जनला किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. पुढच्या तपासणीला जाताना एक्स-रेसोबत ज्या कामांत हात अजून अडतो त्यांची यादी न्या: शर्टाचे बटण, पाण्याची बादली, कुलपाची किल्ली. उपचार कुठवर आले आहेत हे डॉक्टरांना त्यावरून एक्स-रेइतकेच स्पष्ट कळते.